खानवेलहून प्रयोगशाळेपर्यंत : जैववैद्यकीय संशोधनात करिअर करताना

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आपल्या सभासदांच्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता काय?" जीवशास्त्र मनापासून आवडणारी मुले मग पुन्हा एक वर्ष नीटसाठी घालवतात. नाहीतर हिरमुसून बी.एस्सी.ला जातात आणि तीन वर्षांनी वापी-सिल्वासाच्या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागतात. त्यात कमीपणा काही नाही. पण रोगांवर संशोधन करणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्यात शिरायचे दरवाजे बरेच आहेत आणि त्यातल्या काही वाटांवर शिकतानाच दरमहा फेलोशिप मिळते, हे त्या मुलांना घरात किंवा शाळेत कुणी सांगितलेले नसते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही वाट लांब आहे आणि पक्की नोकरी बहुतेकांना तिशीनंतर मिळते. घरच्यांना वर्षांचे आणि पैशांचे गणित आधी माहीत नसेल, तर चांगली मुले अर्ध्या रस्त्यातून परततात. म्हणून या लेखात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. लेख विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच पालकांसाठीही आहे.

आपल्या दारातले संशोधन

जैववैद्यकीय संशोधन म्हटले की पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या क्षेत्रातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच प्रदेशात झाला. २०१५ पासून पुढची काही वर्षे कुष्ठरोग प्रतिबंधाचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प ब्राझील, इंडोनेशिया, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया आणि भारत या देशांत चालला. त्यासाठी भारतातून निवडलेली जागा दादरा व नगर हवेली ही होती.

प्रश्न साधा होता. कुष्ठरुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस दिला, तर त्यांना रोग होण्याचा धोका कमी होतो, हे बांगलादेशातील एका मोठ्या चाचणीत दिसले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार पहिल्या दोन वर्षांत धोका ५७ टक्क्यांनी घटला. आता पाहायचे होते ते हे की, नेहमीच्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून, नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या हातून हे काम जमते का? लोक डोस घ्यायला तयार होतात का? शेजाऱ्यांना कळेल म्हणून रुग्ण लपतात का? २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा एक डोस आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला आणि भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तो आला.

अशा अभ्यासाला किती प्रकारची माणसे लागतात, ते पाहा. निदान करणारे डॉक्टर, घरोघर जाणारे आरोग्य कर्मचारी, नमुने तपासणारे तंत्रज्ञ, औषधांचा हिशेब ठेवणारे फार्मासिस्ट, नोंदी संगणकावर चढवणारे आणि त्यातल्या चुका पकडणारे, किती लोकांना तपासले म्हणजे निष्कर्ष खरा मानावा हे सांगणारे संख्याशास्त्रज्ञ, लोकांचे हक्क जपणारी नैतिकता समिती आणि वारली, कोकणा, मराठी, गुजराती या भाषांत लोकांशी नीट बोलू शकणारी माणसे. यातला डॉक्टर हा एक दरवाजा झाला. बाकीचे दरवाजे बारावीला जीवशास्त्र, गणित, रसायन किंवा संगणक घेतलेल्या कुणालाही खुले आहेत.

चार माणसे, चार धडे

डॉ. कमला सोहोनी : १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन होते. कमलाताईंनी माघार घेतली नाही, अटी मान्य करून प्रवेश मिळवला आणि काम करून दाखवले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. नीरेतल्या पोषणद्रव्यांवरचे त्यांचे काम गाजले. आपल्या भागात ताडाची झाडे आणि नीरा रोजच्या पाहण्यातली. संशोधनाचा विषय दुरूनच आणावा लागतो असे नाही.

डॉ. कमल रणदिवे : जन्म पुण्याचा, १९१७ चा. फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी., मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पुढचे प्रशिक्षण. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्हींवर काम केले. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्या वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या. जीवशास्त्राच्या पदवीवरून सुरू झालेले हे आयुष्य आहे. निवृत्तीनंतर त्यांनी नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले.

डॉ. हिम्मतराव बावस्कर : जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातून एमबीबीएस झालेले. रायगडमधल्या महाड परिसरात सरकारी नोकरी करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी पाहिले. प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ते तासातासाला करीत गेले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. एक प्रश्न होता आणि वर्षानुवर्षे न चुकता भरलेली नोंदवही होती.

डॉ. यझदी इटालिया : हे आपले शेजारी, वलसाडचे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. गुजरातमधल्या सिकल सेल नियंत्रण कार्यक्रमाच्या उभारणीसाठी २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खानवेलपासून दोन तासांच्या आत राहून, आदिवासी पट्ट्यातल्या रक्ताच्या आजारावर आयुष्यभर काम करता येते, याचे हे उदाहरण.

बारावीनंतरच्या वाटा

१. एमबीबीएस आणि संशोधन : सिल्वासात २०१९ पासून नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था सुरू आहे. तिथे किंवा इतरत्र एमबीबीएस करणाऱ्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून आयसीएमआरच्या 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप'कडे लक्ष ठेवावे. एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करायचा आणि अहवाल द्यायचा, अशी ही योजना १९७९ पासून चालू आहे. नंतर एम.डी.चा प्रबंध हे खरे संशोधन असते. तो केवळ परीक्षेची अट म्हणून उरकू नये.

२. एकात्मिक पाच वर्षे (बी.एस.-एम.एस.) : पुणे, भोपाळ, मोहाली, कोलकाता, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर इथे आयसर संस्था आहेत. प्रवेश 'आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट' या परीक्षेतून होतो. भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबईत कालिना इथले मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी 'नेस्ट' ही परीक्षा आहे. नीट देणाऱ्या मुलांनी या दोन्हींचे अर्ज त्याच वर्षी भरावेत. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र बरेचसे तेच असते, फक्त गणित सोडून चालत नाही. बारावीला गणित नसेल, तर त्या वर्षीची पात्रता नीट वाचून घ्यावी.

३. बी.एस्सी., मग एम.एस्सी. : सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र, रसायन यांपैकी काहीही चालते. पदवीचे कॉलेज साधे असले तरी बिघडत नाही, एम.एस्सी. मात्र चांगल्या ठिकाणी करावी. त्यासाठी 'जॅम' (आयआयटी व इतर संस्था), 'गॅट-बी' (जैवतंत्रज्ञानाचे केंद्र-पुरस्कृत अभ्यासक्रम) आणि 'सीयूईटी-पीजी' या परीक्षा आहेत. आपल्याला जवळची ठिकाणे म्हणजे मुंबई, पुणे आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ.

४. बी.फार्म. : पुढे 'जीपॅट' देऊन एम.फार्म. किंवा नायपर संस्था. त्यांपैकी एक गांधीनगरला आहे. औषधनिर्मिती, विषशास्त्र, औषधांच्या चाचण्या या शाखा इथून उघडतात.

५. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान (डीएमएलटी किंवा बी.एस्सी. एमएलटी) : लवकर कमावणे गरजेचे असेल, तर ही चांगली वाट आहे. संशोधन संस्थांतील प्रकल्पांवर तंत्रज्ञांची पदे निघत असतात. ती बहुतेक कंत्राटी असतात, पण अनुभव खरा मिळतो.

६. संख्याशास्त्र आणि संगणक : गणित आवडणाऱ्या मुलांना ही वाट सहसा कुणी सुचवत नाही. जैवसंख्याशास्त्र आणि बायोइन्फर्मेटिक्स जाणणारी माणसे प्रत्येक गटाला हवी असतात, कारण आकडे चुकले तर सगळी मेहनत फुकट जाते.

७. पशुवैद्यक, सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य : प्राण्यांतून माणसांत येणारे रोग, गावपातळीवरचे सर्वेक्षण, रुग्णांशी संवाद यांसाठी या पदव्यांचे लोक लागतात.

कारखान्यात क्यूसीला असलेल्यांनी दार बंद झाले असे समजू नये. तपासणी म्हणजे संशोधन नव्हे, हे खरे. पण ठरलेल्या पद्धतीने काम करणे, प्रत्येक वाचन त्याच वेळी लिहिणे, खाडाखोड न करता चूक रेघ मारून सही करणे या सवयी संशोधनात सोन्यासारख्या आहेत. जे लिहिले नाही ते झालेच नाही, हा कारखान्यातला नियम प्रयोगशाळेतही तसाच लागू होतो.

वर्षांचे आणि पैशांचे गणित

सर्वसाधारण हिशेब असा : १८ व्या वर्षी बारावी, २१ ला बी.एस्सी., २३ ला एम.एस्सी., २८-२९ ला पीएच.डी. त्यानंतर बहुतेक जण दोन-चार वर्षे पोस्ट-डॉक्टरल काम करतात. म्हणजे स्थिर पद मिळेपर्यंत वय ३२-३३ होते. घरात हा तक्ता आधीच मांडावा. "अजून शिकतोच आहे का?" हा प्रश्न दर दिवाळीला विचारला जाणार असेल, तर त्याचे उत्तर आजच ठरलेले बरे.

पैशांचा नियम एकच लक्षात ठेवावा : विज्ञानात फेलोशिपशिवाय पीएच.डी. सुरू करू नये. भारतात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर सीनिअर फेलो झाल्यावर ती ४२,००० होते, आणि नियमानुसार घरभाडे वेगळे मिळते. जेआरएफसाठी मुख्य परीक्षा सीएसआयआर-यूजीसी नेट. तिचा 'लाइफ सायन्सेस' हा विषय आपल्या मुलांचा. याशिवाय आयसीएमआरची जेआरएफ, जैवतंत्रज्ञान विभागाची 'बेट' परीक्षा, 'गेट', आणि टीआयएफआर व तिच्याशी जोडलेल्या संस्थांसाठीची जीवशास्त्राची वेगळी प्रवेश परीक्षा आहे.

इथे एक फसगत होते. नेटच्या निकालात आता तीन गट असतात : जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. "नेट पास झालो" एवढ्यावर पेढे वाटू नयेत. पैसे फक्त पहिल्या गटाला मिळतात. जेआरएफला वयाची मर्यादाही आहे. महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, म्हणून पहिला प्रयत्न तेव्हाच करावा.

पदवीसाठीही मदत आहे. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीत वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे. तिच्या वर्षाला ७५० जागा असतात, आणि परदेशी शिक्षणासाठीच्या वेगळ्या योजनेच्या २०. अनुसूचित जाती आणि इतर मागास वर्गांसाठीही स्वतंत्र फेलोशिप आहेत. खानवेलच्या आसपासच्या पाड्यांवरची किती तरी हुशार मुले या योजनांची नावेही न ऐकता शिक्षण सोडतात. आपल्या सभासदांनी ही माहिती आपल्या घरापुरती ठेवू नये.

परदेशाबाबत एवढेच : तिथली एम.एस. बहुधा स्वतःच्या खर्चाने करावी लागते, कर्ज मोठे होते. चांगल्या विद्यापीठातली पीएच.डी. मात्र साधारणतः पगारी किंवा फी माफ असलेली असते. घर गहाण ठेवण्याआधी हा फरक समजून घ्यावा.

गाइड कसा निवडावा

पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे सुखाची जाणार की दुःखाची, हे संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकावर अधिक ठरते. प्रवेश घेण्याआधी त्या प्रयोगशाळेतल्या चालू आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या काही वर्षांत किती जणांची पीएच.डी. पूर्ण झाली आणि किती वर्षांत? त्यांचे नाव शोधनिबंधात पहिले आले का? ते आज कुठे आहेत? सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळ भेटतात? उत्तर देताना विद्यार्थी घुटमळले, तर तेही उत्तरच समजावे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि प्रवेशापासून कमाल सहा वर्षे आहेत. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते आणि काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर "आता पीएच.डी. कशी होणार?" असे विचारले जाते, तेव्हा हा नियम समोर ठेवावा. सासरच्यांशी याविषयी आधीच मोकळेपणाने बोलावे.

खानवेलमध्ये बसून काय करता येईल

मोठ्या शहरातल्या मुलांना प्रयोगशाळा जवळ असते. आपल्या मुलांनी पुढील गोष्टी कराव्यात.

एक : स्वयम् आणि एनपीटेलवरचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. आयसीएमआरच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाची मूलतत्त्वे शिकवणारा अभ्यासक्रम बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही समजेल असा आहे.

दोन : महिन्याला एक शोधनिबंध वाचावा. 'पबमेड'वर शोध मोफत आहे आणि बरेच निबंध पूर्ण वाचता येतात. आधी सारांश, मग आकृत्या आणि तक्ते, मग पद्धती, शेवटी चर्चा, असा क्रम ठेवावा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी शब्दांची वही करावी. पहिला निबंध वाचायला आठवडा लागतो, दहावा एका संध्याकाळी होतो. आपल्या भागातला सिकल सेल किंवा कुष्ठरोग घेऊन सुरुवात केली, तर वाचण्यात गोडी वाटते.

तीन : 'आर' ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा मोफत आहे. सरासरी, टक्केवारी, आलेख एवढे जरी नीट काढता आले, तरी उन्हाळी प्रकल्पात तुम्ही उपयोगाचे ठरता.

चार : उन्हाळी फेलोशिप. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादमींसह दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिने देशभरच्या प्रयोगशाळांत पाठवते, विद्यावेतन देते. अर्ज साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास निघतात. दिवाळीच्या गडबडीत तारीख निसटते, म्हणून कॅलेंडरवर आधीच खूण करावी.

पाच : प्रत्यक्ष पाहणे. वापीहून गाडीने दादर, तिथून परळ अगदी जवळ. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. सिकल सेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर तिथे काम चालते. 'बॉम्बे रक्तगट' हा दुर्मीळ रक्तगट १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला, तोही मुंबईतच. परळलाच हाफकिन संस्था आहे, खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि आघारकर संशोधन संस्था. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास अनेक संस्था विद्यार्थ्यांसाठी दारे उघडतात.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना

ओळख नसताना काम मिळते का? मिळते, पण पत्र नीट हवे. बहुतेक पत्रे "आदरणीय सर, मला आपल्या नामांकित संस्थेत काम करायचे आहे" अशी असतात आणि न वाचता जातात. तुमचे पत्र दहा-बारा ओळींचे असावे. तुम्ही कोण, कोणत्या वर्षाला आहात. त्यांचा कोणता निबंध वाचला आणि त्यातली कोणती गोष्ट समजली किंवा समजली नाही. तुम्हाला काय येते. कोणत्या तारखांना, किती आठवडे येऊ शकता. सोबत एक पानाचा परिचय. दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकदा नम्र आठवण द्यावी आणि पुढच्याला लिहावे. वीस पत्रांना दोन उत्तरे आली तरी पुरेशी आहेत. एकच मजकूर वीस जणांना एकत्र पाठवू नये, ते लगेच कळते.

फसवणुकीपासून सावध

एक : "१०० टक्के नोकरी" सांगून लाखांत फी घेणारे क्लिनिकल रिसर्चचे डिप्लोमा. फी भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या पाच जणांचे दूरध्वनी मागावेत आणि ते कुठे काम करतात, हे स्वतः विचारावे.

दोन : पैसे घेऊन आठवड्यात शोधनिबंध छापणारी नियतकालिके. अशा ठिकाणचा निबंध पुढे परिचयपत्रावर डागासारखा राहतो. गाइडला आणि ग्रंथपालाला विचारल्याशिवाय कुठेही पैसे भरू नयेत.

तीन : आकडे सोयीचे करून घेण्याचा मोह, आणि तो स्वतःच्या मनातून येतो. प्रयोग फसला तर फसला म्हणून लिहावा. फसलेला प्रयोग माफ होतो, खोटी नोंद होत नाही.

रक्त आपले, प्रश्नही आपला असावा

सिकल सेल हा आजार आपल्या भागातल्या आदिवासी कुटुंबांना चांगलाच ठाऊक आहे. हिमोग्लोबिनमधल्या एका घटकाच्या बदलाने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे आणि आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरलेली आहे.

याचा अर्थ, पुढची वीस-पंचवीस वर्षे आपल्या पाड्यांवरून रक्ताचे नमुने जात राहणार. ते तपासणारे, त्यावर निबंध लिहिणारे लोक कुठले असतील? आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासात सहभागी होणाऱ्याची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते, नको म्हणण्याचा आणि मधूनच बाहेर पडण्याचा हक्क त्याला असतो. पण कागदावर अंगठा घेणे सोपे आहे. एखाद्या आईला तिच्या भाषेत, "तुझी मुलगी वाहक आहे, आजारी नाही, यामुळे तिचे लग्न अडायला नको" हे पटवून सांगणे कठीण आहे. खानवेलमध्ये वाढलेला, पाड्यावरची बोली कानावर असलेला संशोधक ते करू शकतो. आपल्या मुलांची ही मोठी जमेची बाजू आहे. बाहेरच्या कितीही मोठ्या पदवीधराकडे ती नसते.

वर्षवार यादी

दहावीनंतर : गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता आले तर ठेवावे.
बारावीत : नीटबरोबर आयसर आणि नेस्टचे अर्ज.
पदवीच्या पहिल्या वर्षी : एक मोफत अभ्यासक्रम, शब्दांची वही, महिन्याला एक निबंध.
दुसऱ्या वर्षी : उन्हाळी फेलोशिपचा अर्ज, प्राध्यापकांना पत्रे.
तिसऱ्या वर्षी : जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी.
एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी : नेट-जेआरएफचा पहिला प्रयत्न, गेट, गाइडचा शोध.
जेआरएफ दोन-तीन प्रयत्नांत नाही मिळाली तर : प्रकल्पावर तंत्रज्ञ किंवा सहायक म्हणून एक वर्ष काम करावे आणि मग ठरवावे. थांबायचे ठरले तर त्यातही हार नाही. रुग्णालय, औषध उद्योग, शाळा-कॉलेज, सर्वच ठिकाणी हे शिक्षण उपयोगी पडते.

पालकांसाठी शेवटचे : मुलाला वेळ द्या, पण दर वर्षी एकदा त्याच्याबरोबर बसून हिशेबही करा. कुठवर आलो, काय मिळाले, पुढचे वर्ष कशावर चालणार. हे बोलणे मोकळेपणाने झाले, तर लांबची वाटही सोसते.

परीक्षांच्या तारखा, वयोमर्यादा आणि रकमा वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्याआधी त्या त्या संस्थेची चालू वर्षाची अधिकृत जाहिरात अवश्य पाहावी. आपल्या सभासदांपैकी जे रुग्णालयात, औषध उद्योगात किंवा संशोधन संस्थेत काम करतात, त्यांनी वर्षातून एखादा रविवार मुलांसाठी राखून ठेवावा. छापील माहितीने न सुटणारा प्रश्न ओळखीच्या माणसाशी तासभर बोलून पुष्कळदा सुटतो.